डावा पीळ

१

शनिवारी दुपारी दोनच्या सुमाराला मास्तर खुर्चीत बसल्या बसल्या गेले, आणि सोमवारी सकाळी कपाट उघडलं तर ब्लँकेट गिरणीची फाइल जागेवर नव्हती. माणूस गेला तेव्हा कचेरीतले सगळे रडले होते. फाइल गेल्याचं कळलं तशी तीच तोंडं कुजबुजायला लागली. लोकांचं असंच असतं. मेलेला माणूस उलट बोलत नाही, हा फायदा कुणी सोडत नाही.

मंगळवारी मुख्य कचेरीतून चौकशीला बाई आल्या. हातात एक पिशवी, नाकावर जाड चष्मा, चाल सावकाश. त्यांना खात्यात सगळे पाठीमागे 'गाळणी' म्हणायचे. हे नाव ठेवलं होतं मास्तरांनीच, बावीस वर्षांपूर्वी, बाई याच कचेरीत उमेदवारी करत होत्या तेव्हा. "ही पोरगी गाळणी आहे, हिच्यातून खडा जायचा नाही," असं ते चारचौघांत म्हणाले, आणि ते नाव जे चिकटलं ते चिकटलंच. आज त्यांच्याच दाखल्यांची चौकशी करायला गाळणी आली होती. नशिबाला थट्टा करायला दुसरं माणूस सापडत नाही म्हणायचं.

या कचेरीचं काम तसं साधं. परदेशी जाणारा माल खरोखर आपल्याकडे तयार झालाय का, ते तपासायचं आणि तसा उगमाचा दाखला मास्तरांच्या सहीने द्यायचा. दाखला असला तर कराराप्रमाणे पलीकडच्या देशात जकात माफ. नसला तर पूर्ण जकात. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात, पण मास्तरांनी एकतीस वर्षं दुसरं काही विचारलं नाही. ब्लँकेटचा नियम तर त्यांना तोंडपाठ होता: लोकर कुठलीही चालेल, पण सूत इथेच कातलेलं हवं आणि कापड इथेच विणलेलं हवं. बाहेरचं सूत आणून नुसतं विणलं, तर ते ब्लँकेट आपलं नव्हे.

आणि नेमका तिथेच घोटाळा झाला होता. पलीकडच्या देशाच्या जकात खात्याने पत्र पाठवलं होतं. सोबत दोन अर्धी कापलेली ब्लँकेटं, एक वर्षापूर्वीचं, एक हल्लीचं. गेल्या सहा महिन्यांतल्या मालाचं सूत तुमच्याकडचं नाही असा आमचा संशय आहे, पुरावे दाखवा, असा मजकूर. पत्र टपालात रेंगाळून गेल्या शुक्रवारी पोचलं. उत्तराची मुदत या शुक्रवारपर्यंत. शनिवारी मास्तर गेले. पुरावे होते त्या फाइलमध्ये, आणि फाइल गायब.

हेडक्लार्कने बाईंना खुर्ची दिली, चहा दिला आणि आवाज खाली आणला. मास्तर त्यांना वडिलांसारखे होते, असं ते तीन वेळा म्हणाले. मग म्हणाले, खात्याच्या मंडळाने आपला अहवाल जवळजवळ लिहूनच ठेवलाय. फाइल मिळाली नाही तर मास्तरांच्या नावापुढे 'संगनमत' हा शब्द पडणार, आणि मग एकतीस वर्षांचा एकेक दाखला उकरून काढणार.

"कपाटाच्या किल्ल्या दोनच, मॅडम," हेडक्लार्क म्हणाले. "एक माझ्याकडे, आणि मी शुक्रवारपासून भाचीच्या लग्नाला परगावी. दुसरी मास्तरांच्या खिशात सापडली. आता तुम्हीच काय ते समजा."

२

बाई समजल्या नाहीत. समजायची त्यांना घाई नव्हती. त्यांनी आधी हेडक्लार्कच्या भाचीच्या लग्नाची खात्री करून घेतली. लग्न खरं होतं आणि फोटोत हेडक्लार्क प्रत्येक पंगतीत होते. मग त्यांनी म्हाताऱ्या शिपायाला बोलावलं आणि मास्तरांच्या खोलीत गेल्या.

खोली होती तशीच होती. टेबल, दोन खुर्च्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि भिंतभर फळ्यांवर दाखल्यांच्या नकलांचे गठ्ठे. दर महिन्याचा एक गठ्ठा, आणि प्रत्येक गठ्ठा रंगीत लोकरीच्या धाग्याने बांधलेला. ते बघून बाईंना एवढ्या दुःखातही हसू आलं. मास्तर म्हणजे चिक्कूपणाची कमाल. गिरणीने दर महिन्याला अर्जासोबत कापडाचा तुकडा आणि त्याच सुताची छोटी लडी द्यायची, असा कचेरीचा नियम. तुकडा फाइलमध्ये डकवायचा. लडीतला एक धागा मास्तर तुकड्याशेजारी चिकटवायचे आणि उरलेल्या लडीने त्या महिन्याचा गठ्ठा बांधायचे. सरकारी नाडी कशाला वाया घालवायची, असं त्यांचं म्हणणं.

शिपायाने शनिवारचं सगळं सांगितलं. अर्धा दिवस होता. साडेबाराला सगळे गेले. मास्तर टेबलावर फाइल उघडून बसले होते, म्हणजे फाइल तेव्हा होती. दोन वाजता कुलूप लावायचं म्हणून तो आत गेला तर मास्तरांची मान छातीवर पडलेली. डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. त्या गडबडीत फाइलकडे कुणाचं लक्ष असणार?

साडेबारा ते दोन कोण आलं होतं, असं बाईंनी विचारलं. कोणी नाही, शिपाई म्हणाला. तो दारातच स्टुलावर बसून होता, देवाशपथ एक पाखरूसुद्धा आत गेलं नाही.

मग त्याने एक पाकीट पुढे केलं. मास्तरांच्या अंगावरच्या वस्तू, घरच्यांना अजून द्यायच्या राहिलेल्या. किल्ली, चष्मा, रुमाल आणि त्यांचं काळं शाईचं पेन. पेन वरच्या खिशात होतं, टोपण घट्ट लावलेलं. टेबलावर काय होतं? जेवणाचा डबा, शिपाई म्हणाला. भरलेलाच. मास्तरांनी उघडलासुद्धा नव्हता. तो त्याने रविवारी घरी नेऊन दिला.

बाईंनी पेन हातात घेतलं आणि त्यांना एकदम उमेदवारीचा दिवस आठवला. अर्धवट कागद ठेवून त्या पेनला टोपण लावत होत्या, तर मास्तरांनी पट्टीने टेबलावर टकटक केलं होतं. कागद लिहून झाला की सही, आणि सही झाली की मग टोपण. सही राहिली असेल तर पेन उघडं राहू दे, शाई वाळली तरी चालेल. टोपण लावलं म्हणजे कागदाचा निकाल लागला. बावीस वर्षं बाई तसंच करत आल्या होत्या. त्यांनी पेन पुन्हा पाकिटात ठेवलं, आणि मास्तरांच्या खुर्चीत न बसता समोरच्या खुर्चीत बसल्या.

३

कापलेली दोन्ही ब्लँकेटं हेडक्लार्कच्या कपाटात होती. बाईंनी ती खिडकीशी नेली, दोन्हींतून एकेक धागा ओढला आणि उजेडात उभा धरला.

जुन्या ब्लँकेटच्या धाग्यावरचा पीळ डावीकडे चढत होता. हल्लीच्या ब्लँकेटचा उजवीकडे.

यात बाईंना पुढचं सगळं दिसलं, कारण ही खूण त्यांना मास्तरांनीच शिकवली होती. जगात बहुतेक गिरण्या उजव्या पिळाचं सूत काततात. या गावातल्या गिरणीच्या कताई शेडमध्ये मात्र पस्तीस वर्षांपूर्वी मशीन बसवणाऱ्याने पट्टा उलटा चढवला, चात्या उलट्या फिरल्या आणि सूत डाव्या पिळाचं निघालं. दुरुस्त करायचं करायचं म्हणत राहून गेलं. विणकरांचा हात तसाच बसला. चूक जुनी झाली की तिला पद्धत म्हणतात, आणि या पद्धतीची मास्तरांना फार मौज वाटायची. कागद काय, कुणीही रंगवतो. पण डावा पीळ दिसला की सूत आपल्या शेडचं, त्याला शिक्का नको, असं ते म्हणायचे. गिरणीच्या लोकांना त्याचं काही वाटत नव्हतं. त्यांच्यासाठी सूत ते सूत.

म्हणजे पलीकडच्या देशाचं बरोबर होतं. सहा महिने बाहेरचं सूत वापरलं होतं. आणि मास्तरांनी त्यावर आपलं म्हणून सही केली होती.

डोळ्यांत तेल घालून पीळ बघणारा माणूस सहा महिने आंधळा कसा झाला? की हेडक्लार्क म्हणतात तेच खरं? क्षणभर बाईंना वाटलं, इथेच थांबावं, तब्येतीचं कारण सांगावं आणि हे काम दुसऱ्या कुणाच्या गळ्यात घालावं.

मग त्यांची नजर फळ्यांवर गेली. फाइल गेली होती, पण गठ्ठे जागेवर होते. प्रत्येक गठ्ठ्याला त्या त्या महिन्याचं सूत बांधलेलं होतं. चिक्कू मास्तरांनी स्वतःच्या नकळत दुसरी फाइल भिंतीवर मांडून ठेवली होती.

बाईंनी स्टूल ओढलं आणि एकेक गाठ सोडायला घेतली. मागच्या वर्षीचे सगळे धागे डावे. नंतर ते सहा महिने. पहिला धागा त्यांनी उजेडात धरला. डावा. दुसरा डावा. सहाच्या सहा डावे. शेवटचे धागे बोटांना जरा गाठाळ लागत होते, पण नवीन लोकर असेल म्हणून त्यांनी सोडून दिलं.

मास्तरांना दाखवलेलं सूत आपलं होतं आणि जहाजावर चढलेलं सूत परकं होतं. त्यांनी खोटी सही केली नव्हती, त्यांना फसवलं होतं. बाई दाराआड गेल्या आणि पदर तोंडावर धरून पोटभर रडल्या.

रडून झाल्यावर चष्मा पुसताना त्यांच्या मनात एक प्रश्न आला. नमुन्याचं सूत मुद्दाम वेगळं आणायचं तर डाव्या पिळाचं हवं, हे फसवणाऱ्याला माहीत होतं. मास्तर पीळ बघतात ही गोष्ट जगात कितीजणांना ठाऊक होती?

४

बुधवारी बाई गिरणीत गेल्या. मालक दारात उभे. त्यांनी मास्तरांबद्दल चार शब्द बोलून घेतले, डोळे टिपले आणि लगेच शेड दाखवायला निघाले. बघा, आमचं मशीन पस्तीस वर्षं एक दिवस थांबलेलं नाही, असं ते छाती काढून सांगत होते.

मशीन चालू होतं खरं. चाळीस बायका चात्यांपाशी उभ्या होत्या. पण मशीनच्या पोटातलं मोठं दातेरी चाक आरशासारखं चमकत होतं आणि बाकीचं सगळं लोखंड काळंकुट्ट. शेडच्या छपराला, खिडक्यांना वर्षानुवर्षांचा लोकरीचा कोंडा लटकत होता. मशीनखाली मात्र जेमतेम आठ-दहा दिवसांचा असेल. बाईंनी एका पोक्त कातणारीशी मुलांबाळांच्या गप्पा काढल्या. बोलता बोलता ती म्हणाली, हात पुन्हा कातायला लागले ते बरं झालं बाई, नुसत्या आयत्या सुताच्या गुंडाळ्या करून जीव कंटाळला होता. मग मालकांकडे बघून तिने जीभ चावली.

बाईंनी मालकांना ऑफिसात नेलं आणि मोडलेलं चाक कुठाय असं सरळ विचारलं. मालकांनी खुर्चीत बसून पाण्याचा ग्लास संपवला. मग भडाभडा सगळं बाहेर आलं. चाक सहा महिन्यांपूर्वी मोडलं. एवढं जुनं चाक कुठेच मिळेना, ओतून घ्यायला लागलं. दोन महिन्यांत येईल म्हणत सहा गेले. तोवर बाहेरचं सूत आणलं, बायकांना गुंडाळणीवर ठेवलं, एकीलाही घरी बसवलं नाही. नवं चाक बसून आठवडासुद्धा झाला नव्हता आणि ते पत्र आलं. नमुन्यांचं मात्र त्यांना काही ठाऊक नाही. चालू सुतातलाच तुकडा जात असेल असं ते धरून चालले होते. नमुने पाठवायचं काम शेडच्या सुपरवायझरचं, आणि फाइलचं म्हणाल तर त्यांनी कचेरीची पायरी वर्षभरात चढलेली नाही.

आणि ते खरं वाटत होतं. पिळाचं नाव काढल्यावर मालकांचा चेहरा कोराच राहिला होता. ज्याला पीळ कळत नाही तो डावं सूत कशाला शोधत बसेल?

शेडची सुपरवायझर म्हणजे मास्तरांची लेक. बाप जाऊन चार दिवस झाले नव्हते आणि ती कामावर आली होती. बाई उमेदवार असताना ही सात वर्षांची होती, बाईंच्या मांडीवर बसून पाढे म्हणायची. बाईंना बघितल्यावर ती धावत आली आणि गळ्यात पडली, पण रडली नाही. तिचे डोळे कोरडे आणि सुजलेले होते.

"मावशी, बाबांनी कुणाचं काही खाल्लं नाही, एवढं लिही," ती म्हणाली. "बाकी काय लिहायचं ते लिही."

बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. तिच्या उजव्या हाताच्या बोटांवर सुताने कापल्याच्या बारीक रेघा होत्या, ताज्या नव्हे, पण फार जुन्याही नव्हेत. मशीनवर सूत कातणारीच्या हाताला ते सूत असं लागत नाही.

५

त्या संध्याकाळी बाई मास्तरांच्या घरी गेल्या. उमेदवारीची दोन वर्षं त्या याच घरात जेवल्या होत्या. मास्तरांच्या बायकोने, काकूंनी, दार उघडलं, बाईंना बघितलं आणि म्हणाल्या, "आलीस होय पोरी. ये. तुझं ताट अजून आहे." एवढंच बोलल्या आणि दोघी उंबऱ्यातच एकमेकींना धरून उभ्या राहिल्या.

काकू बोलत राहिल्या. बोलल्याशिवाय त्यांना घरात बसवत नव्हतं. शनिवारचा डबा जसाच्या तसा परत आला, तो धुवायचा धीर होत नाही म्हणाल्या. ही लेक जेवत नाही, झोपत नाही. आणि कातणंही सोडलं.

कातणं? बाईंनी विचारलं.

खिडकीशी हाताने फिरवायचं कताईचं चाक होतं. लेकीला सहा महिन्यांपूर्वी अचानक हौस आली, काकू सांगत होत्या. रोज संध्याकाळी कामावरून आली की कातायला बसायची. बोटं कापली तरी ऐकायची नाही. तिचे बाबा समोर पेपर घेऊन बसायचे. मधेच पेपर खाली करून म्हणायचे, बघ, माझी पोरगी चाकसुद्धा उलटं फिरवते, शेडची सवय हो, दुसरं काय. दोघं हसायची. काकू दोघांना चहा आणून द्यायच्या. एवढ्या वर्षांत बापलेक रोज असे समोरासमोर कधी बसले नव्हते. ते सहा महिने फार सुखाचे गेले, असं म्हणून काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

चाकावर थोडं सूत राहिलं होतं. बाईंनी ते बोटात धरलं. डावा पीळ. आणि मशीनच्या सुतासारखं एकसारखं नव्हे. मधे जाड, मधे बारीक, गाठाळ. हे बोटांना कालच भेटलं होतं. नवीन लोकर वगैरे काही नव्हतं ते. हाताने कातलेलं होतं.

बाईंना बसवेना. ज्या सुताने बापाला फसवायचं, ते सूत लेकीने बापाच्या डोळ्यांदेखत कातलं होतं, आणि बाप कौतुकाने बघत होता. त्या काहीतरी कारण सांगून उठल्या. काकूंच्या चेहऱ्याकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

गुरुवारी सकाळी त्यांनी शिपायाला एकच विचारलं. शनिवारी कोणी आलं नाही, मग जेवणाचा डबा आला कसा?

"डबा? तो ताईंनी आणला की," शिपाई म्हणाला. "दर शनिवारी त्याच आणतात, बापलेक इथेच जेवतात. त्या घरच्या, बाईसाहेब. त्यांना कोण 'कोणी' म्हणेल?"

६

बाईंनी तिला बोलावणं पाठवलं नाही. शुक्रवारी सकाळी कचेरी उघडायच्या आधी ती आपण होऊन आली. छातीशी फाइल धरलेली. मास्तरांच्या खोलीत आली आणि भिंतीवरचे सोडलेले गठ्ठे बघून समजली.

"तू गाठी सोडल्यास," ती म्हणाली. "माझ्या ध्यानातच नव्हतं आलं गं."

मग तिने सांगितलं, उभ्या उभ्याच. चाक मोडलं तेव्हा नियमाप्रमाणे दाखला बंद व्हायला हवा होता, आणि दाखला बंद म्हणजे चाळीस बायका घरी. त्यांतल्या निम्म्यांनी तिला कडेवर खेळवलेलं. दोन महिन्यांचा प्रश्न होता. कागदावर तिने बाबांना फसवलं असतं, पण बाबा कागद बघत नाहीत, पीळ बघतात, हे घरात तिच्याएवढं कुणाला ठाऊक होतं? म्हणून हाताने कातायचं चाक घरी आणलं, नमुन्याचा तुकडाही त्याच सुताचा विणून घेतला. समोर बसून कातलं, कारण लपून कातलं असतं तर त्यांनी विचारलं असतं.

शनिवारी ती डबा घेऊन आली तेव्हा टेबलावर दोन धागे होते, एक डावा, एक उजवा. मास्तरांनी तिला काहीच विचारलं नाही. तिनेच सगळं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग म्हणाले, तू नमुने इतके सुंदर कातलेस की ते गाठाळ आहेत हेसुद्धा मला दिसलं नाही. मी बाप म्हणून बघत होतो. आणि तिच्याशी पुढे न बोलता त्यांनी कागद ओढून लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागद फाइलमध्ये ठेवला आणि जेवायला म्हणून बेसिनपाशी हात धुवायला गेले. त्यांची पाठ होती. तिने फाइल उघडून वाचलं.

तो कागद तिने बाईंपुढे ठेवला. मास्तरांचं वळणदार अक्षर. 'सदर सहा महिन्यांत मी नमुने न तपासता दाखले दिले. चूक सर्वस्वी माझी आहे.' खाली नाव, हुद्दा, तारीख. सहीची जागा कोरी.

"एकतीस वर्षांत खोटा शब्द लिहिला नाही त्या माणसाने," ती म्हणाली. "आणि माझ्यापायी लिहिला. जेवून झालं की सही करून धाडणार होते. मला ते बघवेना. फाइल पिशवीत टाकली आणि पळाले. फाइल नसेल तर धाडतील काय? संध्याकाळी घरी पाया पडून समजावीन म्हटलं. मावशी, मी दारातून बाहेर पडले तेव्हा ते हात पुसत होते."

मग म्हणाली की मंगळवारपासून ती रोज फाइल घेऊन कचेरीकडे निघायची आणि शेडच्या फाटकातूनच मागे फिरायची. फाइल दिली की शेड बंद पडणार, नाही दिली की बाबांना डाग लागणार. आज मुदत संपते म्हणून आली.

बाईंच्या समोरच्या पाकिटात काळं पेन होतं. या पोरीला वाटत होतं की बाप तिच्यासाठी खोटी सही करायला निघाला होता. तेवढ्या एका मायेवर ती सहा दिवस जगली होती आणि तेवढ्याच एका शरमेने मेली होती. बोललं नाही तर चालणार होतं, कुणी विचारणार नव्हतं. पण गाळणीला खडा पोटात ठेवता येत नाही. आणि मास्तरांच्या खोलीत बसून तर मुळीच नाही.

त्यांनी पाकीट उलटं केलं.

"हे त्यांच्या खिशात होतं," बाई म्हणाल्या. "टोपण बघ."

लेकीने बघितलं. तीही त्याच माणसाच्या हाताखाली लिहायला शिकली होती. पट्टीची टकटक तिनेही ऐकली होती. कोरी जागा आणि लावलेलं टोपण, कोरी जागा आणि टोपण, असं तिने दोनतीनदा आळीपाळीने पाहिलं.

"म्हणजे सही करायची नाही, असं ठरवून उठले होते."

"हो."

"जेवताना मला सांगणार होते."

"असेल."

"मग खरं लिहिलं असतं. माझं नाव."

"हो, पोरी."

तेव्हा ती रडली. सहा दिवसांचं रडू होतं ते, खुर्चीच्या पाठीला कपाळ टेकून, आवाज न करता, आणि बाईंनी तिला थोपवलं नाही. मास्तरांनी लेकीसाठी तो कागद लिहिला होता आणि स्वतःसाठी तो तसाच सोडला होता. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, दुसरं काय. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, बरं झालं, आणि पुन्हा एकदा म्हणाली, बरं झालं गं मावशी, नाही केली ते.

मग बाईंनी तिला पुढचं सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. सहा महिन्यांची सवलत जाईल आणि ती जकात मालकांना भरावी लागेल. तिची नोकरी तर गेलीच, खटलाही होईल. पण नवं चाक बसल्यापासूनचं सूत आपलं आहे, त्याला दाखला मिळेल, त्यामुळे शेड लंगडत का होईना चालेल. आणि गठ्ठ्यांच्या धाग्यांसोबत तिचा जबाब गेला तर 'संगनमत' हा शब्द मास्तरांच्या नावापुढे कुणाला लिहिता येणार नाही. जबाब नसेल तर मात्र नुसत्या धाग्यांवर मंडळ विश्वास ठेवणार नाही.

"आईला मी सांगेन," लेक म्हणाली. "तू नको सांगूस."

तिने डोळे पुसले, मास्तरांच्या खुर्चीत न बसता समोरची खुर्ची ओढली आणि कागद मागितला. बाईंनी आपलं पेन पुढे केलं. तिने ते घेतलं नाही, बापाचं उचललं. बाहेर कचेरी उघडत होती, हेडक्लार्क कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होते. ती थांबत थांबत लिहीत होती. मोडलेल्या चाकापासून शनिवारच्या डब्यापर्यंत सगळं लिहिलं. सही करायच्या आधी तिने पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं, एक शब्द खोडून नीट केला, पूर्ण नाव घालून सही केली.

टोपण शोधायला तिचा हात टेबलावर चाचपडत होता. ते पाकिटाखाली गेलं होतं. बाईंनी ते काढून तिच्या हातात दिलं, आणि तिने ते पेनला घट्ट लावलं.